कवडशाचं घड्याळ

फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात एका जुन्या शाळेच्या जिन्यात जाँ बोन्फा या जेझुइट पाद्र्यानं 1673 मध्ये एक घड्याळ रंगवलं. त्याला ना काटे, ना लंबक. खिडकीत इवलासा आरसा आणि भिंतींपासून छतापर्यंत वेळेच्या रेषांचं जाळं. कवडसा ज्या रेषेवर, ती वेळ. घड्याळ आजही तिथे आहे.

बोन्फानं रेषा गणितानं आखल्या. घरी असं घड्याळ करताना आपण त्या वाटेला जाऊ नये. गणितानं आखायचं तर आरसा पाणसळ लावून तंतोतंत आडवा बसवावा लागतो. हातातलं घड्याळ पाहून खुणा करायच्या असतील तर तो थोडा कलला तरी चालतं. एकदा बसवल्यावर हलता मात्र कामा नये.

दक्षिणेकडची, दुपारी ऊन येणारी खिडकी निवडा. सेंटीमीटरभर आरसा पुरे. मोठाच असेल तर काळी चिकटपट्टी लावून तेवढाच उघडा ठेवा. खिडकीच्या कट्ट्यावर एमसीलनं तो पक्का करा. आरसा चौकोनी असला तरी छतावरचा कवडसा गोलसरच पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. तिची रुंदी आरशापासूनच्या अंतराच्या साधारण एकशेआठावा भाग. छत आरशाच्या वर सात फूट असेल तर डिसेंबरच्या दुपारी कवडसा दीडेक इंचाचा होतो आणि मिनिटाला सेंटीमीटरभर सरकतो. स्टुलावर चढून पाहिलंत तर त्याचं चालणं डोळ्यांना दिसतं. आरशात मात्र वाकून पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. तिथे थेट सूर्य असतो.

तास भरला की कवडशाच्या मधोमध एक टिकली चिकटवा. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, एवढं केलं तरी भागतं. खरी गंमत पुढे आहे. 3 नोव्हेंबर आणि 11 फेब्रुवारीला सूर्य आकाशात जवळपास एकाच वाटेनं जातो, तरी दुपारी एकच्या दोन टिकल्यांमध्ये फूटभर अंतर पडतं. चूक तुमची नव्हे. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरासरी वेळेच्या सोळा मिनिटं पुढे असतो, तर फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे. म्हणून 22 डिसेंबरच्या आधीच्या टिकल्या लाल आणि नंतरच्या हिरव्या लावाव्यात. मार्चपर्यंत प्रत्येक तासाच्या टिकल्यांतून इंग्रजी 8 चं मोठं पोट जवळपास पुरं होतं.

मुंबईकरांना आणखी एक गोष्ट दिसेल. सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तेव्हा घड्याळात सरासरी 12 वाजून 39 मिनिटं झालेली असतात. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ बरीच वर्षं सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेपेक्षा हीच 39 मिनिटं मागे होती.

युरोपात असं घड्याळ बारा महिने चालतं. आपल्याकडे नाही. 22 डिसेंबरला मुंबईत मध्यान्हीचा सूर्य साधारण 48 अंशांवर असतो, म्हणून कवडसा खोलीत सहा-साडेसहा फूट आत जातो. मार्चअखेर तो खिडकीपासून दोनेक फुटांवर येतो आणि बहुतेक घरांत छज्जा त्याआधीच ऊन अडवतो. मेच्या मध्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी दक्षिणेच्या खिडकीत ऊनच येत नाही. त्यात पावसाळा. थोडक्यात, हे दिवाळी ते होळी चालणारं घड्याळ आहे. ज्यांना पूर्वेची खिडकी आहे त्यांना सकाळचे दोन-तीन तास तरी वर्षभर, ढग नसतील तेव्हा, मिळतील.

दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा. घराला रंग काढायचा विचार असेल तर तो त्याआधी उरकून घ्या आणि पंख्याचं पातं कवडशाच्या वाटेत येत नाही ना, हेही पाहून ठेवा.