गंधक: धातूचा शत्रू की वंगण?

आजच्या भागात कोड नाही, धातू. बीटेक मेकॅनिकलमध्ये केलं आणि पोट कोडिंगवर भरतंय, त्यामुळे ही हौस अशी मधूनमधून उफाळून येते.

साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तेल-ग्रीस जळून जातं. मग तिथलं बेअरिंग चालवायचं कसं? एक उपाय म्हणजे वंगण धातूच्या पोटातच ठेवायचं. घासलं की ते थोडं थोडं वर पसरतं, मऊ थर बनतो, आणि घसरणं त्या थरात होतं. बिडामध्ये ग्राफाइट हेच काम करतं.

पण मला जास्त गंमत वाटते गंधकाची. पोलादवाल्यांचा हा जुना शत्रू. लोखंडाशी जुळला की आयर्न सल्फाइड होतं, आणि लोखंड-सल्फाइडचं ते मिश्रण ९८८ अंशांलाच वितळतं. रोलिंग तर त्याहून गरम असताना चालतं. म्हणजे बाहेरून घट्ट दिसणाऱ्या लाल पोलादात कणांच्या सीमांवर चक्क पातळ थर! दाब आला की तडा.

त्यात मॅंगनीज घातलं की चित्र पालटतं. गंधकाला लोखंडापेक्षा मॅंगनीज प्रिय. मॅंगनीज सल्फाइड १,६०० अंशांच्याही वर वितळतं, त्यामुळे सीमांवर पसरत नाही, सुटे मऊ कण बनून राहतं. लेथवाल्यांच्या ओळखीच्या ईएन१ए बारमध्ये ०.२ ते ०.३ टक्के गंधक मुद्दाम ठेवतात. छिलका तुकड्यांत तुटतो, टूल जास्त टिकतं. मात्र रोलिंगमध्ये हेच कण लांबट होतात आणि आडव्या दिशेनं बार कमजोर पडतो. वेल्डिंगलाही तो वाईटच.

निकेलमध्ये धोका आणखी मोठा, कारण निकेल-सल्फाइडचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपासच वितळतं. तिथे मॅंगनीजची जागा क्रोमियम घेतं. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पावडर एकत्र करून हजार अंशांच्या वर दाबली, की घातलेलं मॉलिब्डेनम डायसल्फाइड बरंचसं उरतच नाही! क्रोमियम त्यातलं गंधक ओढून घेतं, क्रोमियम सल्फाइड होतं आणि तेच वंगणाचं काम करतं. सुटलेलं मॉलिब्डेनम निकेलमध्ये विरघळून त्याला मजबुती देतं. टाकलं एक, मिळालं दुसरं, आणि तेही उपयोगी.

इथे हिशेब नाजूक आहे. गंधक कमी घातलं तर थर पुरत नाही, जास्त घातलं तर धातू ठिसूळ. शिवाय क्रोमियम गंधकात खर्ची पडलं की गंज रोखायला तेवढं कमी उरतं. माझ्या मते खरी अडचण हीच, घर्षणाच्या आलेखात ती दिसत नाही.

नासाच्या पीएस३०४ या लेपात तर गंधकच नाही. कमी तापमानाला चांदी, जास्त तापमानाला बेरियम-कॅल्शियमची फ्लोराइडं. ते प्रकरण पुढच्या भागात घेऊ.