कातळावर भाजी करायचीय?

कोकणात घरामागे जांभा कातळ असेल तर कुदळ झिजवू नका. वाफा खाली खणण्याऐवजी वर बांधा. फुटके चिरे रचून 3 फूट रुंद चौकट केली की दोन्हीकडून मधोमध हात पोचतो. तळाला नारळाची सोडणं उताणी अंथरा, ती ओल धरून ठेवतात. त्यावर पालापाचोळा, मग माती नि कुजलेलं शेणखत. लाल माती आम्लधर्मी, तिच्यातलं लोह स्फुरद अडकवून ठेवतं. तेव्हा शेणखतात हात आखडू नका, चुलीतली थोडी राखही मिसळा. माठाला 8 इंच थर पुरतो, वांगी-मिरचीला फूटभर हवाच. आणि हौसेनं चिऱ्यांच्या फटी सिमेंटनं बुजवू नका, पावसाळ्यात पाणी तिथूनच निघतं!