आजोबा, ओरडू नका!

डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर एका रविवारी सकाळी मी माझ्याच नातीचा संघ हरवला. म्हणजे मी काही खेळत नव्हतो. रेषेबाहेर उभा राहून ओरडत होतो.

नात तेरा वर्षांची, आघाडीला खेळते. समोर कल्याणच्या मुली. पलीकडे क्रिकेटचे तीन सामने एकमेकांत मिसळून चालले होते, ते आपल्याकडे असायचेच. समोरच्या गोलरक्षक मुलीकडे चेंडू गेला, की आमची ही तिच्या अंगावर धावत सुटायची. मला ते पटेना. आमच्या वेळी आघाडीचा खेळाडू गोलाजवळ दबा धरून असायचा. चेंडू हिसकावणे हे मागच्यांचे काम. मी ओरडलो, "अगं, दमशील! तिथंच थांब!"

ती क्षणभर थबकली. तिच्या मागच्या मुली मात्र ठरल्याप्रमाणे पुढे सरकल्या होत्या. गोलरक्षक मुलीला सवड मिळाली, तिने लांब फटका मारून चेंडू त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत टाकला आणि गोल झाला. सामना तिथेच गेला.

रिक्षात ती गप्प होती. घर आल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्ही या, पण ओरडू नका."

हे मला लागले, कारण फुटबॉल आपल्याला कळतो असा माझा समज होता. सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघांच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. मुंबईकर नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. माझ्या डोक्यात आघाडीचा खेळाडू म्हणजे डिसूझा, बस्स! पण याच रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्ताला, डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला, म्हणजे हाडाच्या बचावपटूला, आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला आणि आपण २-१ असे सुवर्णपदक जिंकले. मागचा पुढे गेलेला मला चालत होता. पुढच्याने बचाव करायचा, हे मात्र पचत नव्हते.

त्या रात्री नातीने मोबाइलवर २०१४ चा ब्राझील-जर्मनी सामना लावला. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर दीडला सुरू झाला होता, आणि सकाळच्या लोकलच्या धास्तीने मी तेव्हा झोपलो होतो. जर्मनीने तिसरा गोल केला. ब्राझीलने मध्यावरून पुन्हा खेळ सुरू केला, चेंडू फर्नांडिन्योकडे आला, आणि क्रूसने तो त्याच्या पायातून काढून घेतला. खेदिराशी एक देवघेव, आणि चौथा गोल! ७-१ हा निकाल जगाला पाठ आहे. पण तो चेंडू ब्राझीलच्या गोलापासून केवढ्या जवळ हिसकावला, ते पाहा. तिथून गोल करायला दोन-तीन पासच लागतात. समोरच्याच्या अर्ध्या मैदानात दबाव टाकायचा तो एवढ्यासाठी. १९७४ साली रिनस मिशेल्स यांच्या हॉलंडने हेच जगाला दाखवले होते.

मग माझ्या डोक्यात कबड्डी आली. चढाईपटूवर एकट्याने झेप घेतली तर तो सुटतो. साखळी एकदम आवळावी लागते. इथेही तसेच. एक धावली आणि बाकीच्या उभ्या राहिल्या, तर तिची धाव फुकट. बाकीच्या पुढे आल्या आणि ती थांबली, तर पाठीमागे सगळे मैदान उघडे. शिवाय नव्वद मिनिटे असे कोणी धावू शकत नाही. चुकलेला पास, गोलाकडे पाठ करून चेंडू घेणारा खेळाडू, रेषेजवळ अडकलेला चेंडू अशा खुणा हेरून सगळ्यांनी एकाच वेळी तुटून पडायचे. नातीला हे सारे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला.

पुढच्या रविवारी मी तोंडात खडीसाखर धरून उभा राहिलो. ती धावली, मागच्या मुली सरकल्या, समोरची गोलरक्षक गडबडली आणि तिने चेंडू थेट रेषेबाहेर मारला. गोल काही झाला नाही.

"पाहिलंत?" रिक्षात बसता बसता तिने विचारले.

"पाहिलं," मी म्हणालो. खडीसाखर अजून गालात होती.