धूर नाही म्हणजे धोका नाही? गॅलरीत कोळसा पेटवण्याआधी हे वाचाच!

थंडीची चाहूल लागली की वसई-विरारमध्ये गच्च्यांवर बार्बेक्यूचे बेत सुरू होतात. कुठे तंदुरी चिकन, कुठे बाजारातून आणलेले ताजे बांगडे, तर शाकाहारी मंडळींसाठी पनीर, सिमला मिरची आणि कणसं. पालघर जिल्ह्याला हे काही नवीन नाही. मडक्यात कंद आणि शेंगा भरून, भोवती जाळ करून केली जाणारी उकडहंडी याच भागातली. फरक एवढाच, की उकडहंडी मोकळ्या शेतात लागते आणि बार्बेक्यू आता फ्लॅटच्या गॅलरीपर्यंत पोहोचलाय. खरी गडबड इथेच आहे.

कोळसा म्हणजे कमी हवेत तापवलेलं लाकूड. धूर करणारे बरेचसे घटक त्यातून आधीच निघून गेलेले असतात. म्हणून नीट पेटलेला कोळसा फारसा धूर करत नाही, नुसता धगधगतो. निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागली की समजायचं, आता जाळी ठेवायला हरकत नाही. त्याआधी घाई केली तर वरून करपलेलं आणि हाडाजवळ कच्चं चिकन खावं लागतं. (चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापायला हवं.) पेटवायला रॉकेल ओतू नका. भडका तर उडतोच, शिवाय वासही जात नाही. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या आहेत की!

मग ती खास चव येते कुठून? गंमत म्हणजे कोळशातून फारशी नाहीच. मांसातली चरबी आणि मसाल्याचं तेल निखाऱ्यावर ठिबकतं, त्याचा धूर परत वर येऊन मांसाला लागतो. म्हणूनच तेलकट बांगडा निखाऱ्यावर इतका छान लागतो. भाज्यांमध्ये चरबी नसते, त्यामुळे त्यांना आधी तेल चोळावं लागतं. निखारे एका बाजूला सारून ठेवले, तर जाडसर तुकडे दुसऱ्या बाजूला निवांत शिजतात.

आता मूळ मुद्दा. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मोकळ्या गच्चीवर तो वाऱ्याने पांगतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच गॅलऱ्या स्लायडिंग खिडक्या लावून बंद केलेल्या असतात. तिथे तो साचतो आणि दारातून घरात शिरतो. धूर दिसत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप येणं ही त्याची लक्षणं. पार्टीत ती थकव्यावर किंवा दारूवर ढकलली जातात. कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटरही इथे फसवतं, आकडा नॉर्मलच दाखवतं! असं काही वाटलं तर सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत यायचं, हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना कोळशाबद्दल आवर्जून सांगायचं.

आणि जेवणं आटोपल्यावर 'अजून ऊब आहे' म्हणून शेगडी खोलीत अजिबात नेऊ नका. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशाच शेगड्यांमुळे झोपेत माणसं दगावतात. निखारे वरून विझल्यासारखे दिसले तरी आत कित्येक तास धुमसत राहतात. त्यावर हळूहळू पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता आणि रात्रभर गच्चीवरच राहू द्या.