चिनी शब्द : कानाला आणि डोळ्याला

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील प्रा. पु. वि. बापट यांनीं १९३७ सालीं ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथ हरवलेला. पूर्ण स्वरूपांत उरलें तें चिनी भाषांतर. चिनी लिपि म्हणजे निव्वळ चित्रें, तिच्या वाचनांत ध्वनीचें कामच नाहीं, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नव्हे. ‘मा’ सपाट सुरांत उच्चारल्यास आई. सूर उतरवून चढविल्यास घोडा. आणि ‘आई’च्या लेखी चिन्हांत डावीकडे स्त्री, उजवीकडे चक्क घोडा! तो केवळ उच्चार सुचवितो. अशी सूचना पुष्कळदा फसवीही असते. मेंदूच्या डाव्या भागांत आकृति ओळखली जाते आणि ओठ मिटलेले असले तरी ध्वनि जागा होतो. देवनागरींत अनोळखी शब्दही अक्षरें जुळवून उच्चारतां येतो. चिनी चिन्हाचा नेमका उच्चार मात्र आधीं ठाऊक असावा लागतो.