मासळी घ्यावी, पण केव्हा?
मैत्रिणींनो, कोकणात मासेमारी तिथी पाहून चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती! आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मामा तलावांना भरती-ओहोटी कुठली? इथलं पंचांग म्हणजे पाऊस. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासळी सहज जाळ्यात येते. पावसाळ्यात नदी-नाले फुगले की रोहू, कतला अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. मरळीच्या पिल्लांची लालसर झुंड दिसली, तर आईबाप जवळच राखण करत असतात, बरं का! ती मरळ धरली की पिल्लं पोरकी.

म्हणून आषाढ-श्रावणात अंड्यांनी भरलेली मासळी घेऊ नका. चव लागते खरी, पण एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखो अंडी असतात. दिवाळीनंतर खुशाल घ्या. मासळीवालीची टोपलीही तेव्हा भरलेली राहील.