वत्सगुल्म ते अजिंठा : विखुरलेल्या पुराव्यांची संगणकीय जोडणी

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात वाकाटकांची वंशावळ कोरलेली आहे. हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने ते लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. या वंशावळीचा नीट उलगडा मात्र वाशीमच्या ताम्रपटामुळे झाला. विंध्यशक्ती दुसरा याने राज्यवर्ष ३७ मध्ये वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथून दिलेला हा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासास ज्ञात झाली. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी दोन्ही लेख ताडून पाहिले, तेव्हा ही सांगड बसली.

अशी सांगड संगणकालाही कळेल अशा रीतीने मांडणे, यालाच ‘लिंक्ड डेटा’ म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये त्याचे नियम सांगितले. प्रत्येक वस्तूस एक कायमचा पत्ता द्यावा आणि प्रत्येक विधान तीन अंगांत लिहावे : कर्ता, संबंध व विषय. ‘वराहदेव – सचिव होता – हरिषेणाचा’ हे असे एक विधान होय. अशा विधानांच्या परस्पर जोडणीतून ‘सिमँटिक वेब’ उभे राहते.

अभ्यासकांची अडचण येते ती आराखडा तयार करताना. संग्रहालयांसाठीचे ‘सीडॉक सीआरएम’ हे प्रमाण सर्वसमावेशक आहे. परंतु ते प्रारंभीच संपूर्ण स्वीकारल्यास नवा कार्यकर्ता वर्गीकरणातच गुंतून पडतो. आमच्या मते आधी वाचक कोणते प्रश्न विचारील ते लिहावेत आणि त्यांच्या उत्तरांस लागतील तेवढेच प्रकार ठेवावेत. आपल्या विषयास पाच पुरेत : व्यक्ती, स्थळ, लेख, वास्तू आणि घटना.

यांपैकी घटना हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. दान म्हटले की दाता, ग्रहीता, दिलेली वस्तू आणि त्याची नोंद करणारा लेख अशी चार अंगे येतात. ती एका विधानात मावत नाहीत. म्हणून दानासच स्वतंत्र पत्ता द्यावा व चारही अंगे त्यास जोडावीत.

दुसरी दक्षता नावांची. वत्सगुल्म, बासीम, वाशीम ही नावे अनेक, पण स्थळ एक. ती एकाच पत्त्याखाली यावीत. याउलट विंध्यशक्ती हे नाव एक, पण व्यक्ती दोन : वंशाचा संस्थापक आणि त्याचा पणतू. केवळ नाव पाहून दोन नोंदी ‘एकच’ ठरविल्या, तर संगणक पणजोबाचे राज्यवर्ष ३७ करून टाकील. आणि जोडलेल्या प्रत्येक संग्रहात ती चूक पसरेल.

तिसरी दक्षता पुरावा आणि मत यांच्या भेदाची. वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथे हरिषेणाचा पिता देवसेन याच्या काळचा शिलालेख आहे. त्यावर शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८, हा काळ आहे. ही शिळेची साक्ष होय. हरिषेणाचा काळ मात्र मिराशींनी सुमारे ४७५ ते ५०० असा, तर वॉल्टर स्पिंक यांनी सुमारे ४६० ते ४७७ असा मानला. म्हणून ही वर्षे थेट हरिषेणास न जोडता, मत मांडणाऱ्याच्या नावासह स्वतंत्रपणे नोंदवावीत.

वाशीम ताम्रपटातील दान अथर्ववेदी ब्राह्मणांस आहे, सोळाव्या लेण्याचे दान भिक्षुसंघास आहे. राजवंश एकच. आपणांस प्रिय तेवढीच नोंद ठेवली, तर संघास आश्रय कोणत्या परिस्थितीत मिळाला, हा प्रश्नच विचारता येणार नाही. दोन्ही नोंदी शेजारी असल्या, म्हणजेच तो विचारता येतो.

आरंभासाठी तीन रकान्यांची वही पुरेशी आहे. २०१२ पासून चालू असलेल्या विकिडेटावर एखाद्या व्यक्तीस वा स्थळास आधीच पत्ता असेल, तर तोच वापरावा. दहा विधाने काळजीपूर्वक लिहून पाहावीत. आराखड्यात काय उणे आहे, हे ती विधानेच सांगतील.